टँकमधली नवी वाटेकरीण

फिश टँकची काच आतून हिरवी दिसायला लागली, खडीवर माशांचं खाणं साचायला लागलं, की एक सल्ला हमखास मिळतो : चार स्नेल टाका, टँक साफ राहील. दुकानदार सांगतो, टँक ठेवणारा शेजारी सांगतो, आणि आपण पिशवीभर पाण्यात चार गोगलगायी घेऊन घरी येतो. मासे निवडताना आपण किती चौकशी करतो! हा मोठा किती होईल, गप्पींना त्रास देईल का, एकटा राहतो की थव्यानं. गोगलगायीबद्दल मात्र एकही प्रश्न विचारला जात नाही. ती कामाला आणलेली असते, आणि कामाला आणलेल्याची विचारपूस न करण्याची सवय आपल्याला घरोघरी लागलेली आहे.

मला ही सवय खटकते. ज्या पाण्यात पाच-सहा जातींचे जीव एकत्र नांदणार आहेत, त्यात आणखी एक जीव सोडायचा तर तो त्या पाण्याचा, खाण्याचा आणि हवेचा वाटेकरी होतो. तो वाटा त्याला द्यायची तयारी असेल, तरच त्याला आणावं.

गोगलगाय टँक साफ करते, हे अर्धंच खरं आहे. काचेवरचं शेवाळ ती खरवडते, सडलेलं पान खाते, माशांनी सोडलेला दाणा संपवते. तिच्या जिभेवर अतिशय बारीक दातांच्या रांगा असतात आणि कानस फिरवावी तशी ती जीभ काचेवरून फिरत राहते. पण तिनं खाल्लेलं जातं कुठे? विष्ठा होऊन त्याच खडीवर पडतं. माशांच्या आणि तिच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. खडीतले आणि फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना तितकं बाधत नाही, पण ते पाण्यात साचत राहतं. वनस्पती असतील तर त्यातलं थोडं त्या घेतात. उरलेलं बाहेर जायला वाट एकच आहे : आपण काढतो ते जुनं पाणी आणि पाइपनं ओढून घेतो तो तळाचा गाळ. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं असेल, तर गोगलगायी आल्यानंतरही ते बदलावंच लागतं. आपलं काम कमी होत नाही. खाणारं एक तोंड वाढतं, एवढंच.

मग आणूच नये का? जरूर आणावी. फक्त सफाईसाठी नको, तिच्यासाठी आणावी.

खरं तर बऱ्याचदा ती न बोलावताच येते. विकत घेतलेल्या पाणवनस्पतीच्या पानामागे जेलीचा एक पारदर्शक ठिपका चिकटलेला असतो. त्यातून ब्लॅडर स्नेल किंवा रॅम्सहॉर्न निघतात. या उभयलिंगी असतात. एखादी आली तरी तिची प्रजा व्हायला वेळ लागत नाही. मलेशियन ट्रम्पेट स्नेल म्हणून जी ओळखली जाते, ती मुळात आपल्या देशातल्या तळ्या-ओढ्यांतही आहे. तिची मादी नराशिवाय पिल्लांना जन्म देते. दिवसा ती वाळूत शिरून बसते आणि अंधार पडला की वर येते, म्हणून महिनोन्‌महिने ती टँकमध्ये आहे हे घरच्यांना कळतही नाही. वाळू सतत उकरली गेल्यानं तळाशी घाण वायू साठत नाही, हा तिचा मोठाच उपकार.

आणि मग कधीतरी रात्री दिवा लावल्यावर काचेवर शेकड्यांनी दिसतात. घरात एकच ओरडा होतो : गोगलगायींनी टँक भरला! पण कुठलाही जीव नुसत्या पाण्यावर वाढत नाही. टँकमध्ये जेवढं अन्न उरतं, तेवढीच त्यांची संख्या होते. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील तेवढंच खाणं घालावं, हे टँक ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण मासे काचेशी येऊन तोंड उघडमीट करतात आणि आपल्याला ते उपाशी वाटतात. सकाळी आजोबा चिमूटभर टाकतात, शाळेतून आल्यावर नात टाकते, संध्याकाळी आलेल्या पाहुण्यालाही टाकायचं असतं. आपल्याकडे माया म्हणजे खाऊ घालणं. पाण्यात मात्र जास्तीची माया कुजते. ते कुजणं आपल्याला दिसत नाही, गोगलगायींना दिसतं, आणि त्या वाढतात. म्हणून काचेवरची त्यांची गर्दी हा मला आपल्याच हाताचा हिशेब वाटतो. खाणं निम्म्यावर आणा, एखादा दिवस माशांना उपवास घडवा (निरोगी मोठ्या माशांना त्यानं काही होत नाही), आणि काही आठवड्यांत गोगलगायी आपोआप कमी होतील. तोवर रात्री काकडीची चकती तळाशी ठेवावी आणि सकाळी तिला चिकटलेल्या गोगलगायींसकट उचलून घ्यावी.

त्या आणखीही एक सांगतात, आणि ते फार मोलाचं आहे. एरवी वाळूत दडणाऱ्या ट्रम्पेट स्नेल भर दिवसा झुंडीनं काच चढून पाण्याच्या कडेशी येऊ लागल्या, तर तळाचा प्राणवायू घटला आहे किंवा पाणी बिघडलं आहे, असं समजून त्याच दिवशी पाणी बदलावं. मासे धापा टाकायला लागेपर्यंत थांबू नये.

हौसेनं आणायच्या असतील तर दोन जाती मला मनापासून आवडतात. एक नेराइट : शंखावर काळ्या-पिवळ्या रेघा आणि शेवाळ खाण्यात सर्वांत तरबेज. लाकडावर आणि काचेवर ती पांढरी ठिपक्यांसारखी अंडी घालते. ती पुसली जात नाहीत म्हणून काहींना खपत नाहीत, पण तिच्या पिल्लांना वाढायला मचूळ पाणी लागतं, त्यामुळे गोड्या पाण्यात तिची संख्या वाढत नाही. दुसरी मिस्टरी स्नेल, मूळची दक्षिण अमेरिकेची. सोनेरी, निळसर, कधी हस्तिदंती रंगाची. तिच्याजवळ कल्लाही आहे आणि फुप्फुसही. पाण्याखाली बसल्या बसल्या ती एक लवचीक नळी वर पृष्ठभागापर्यंत लांबवते आणि सारं शरीर मागेपुढे हलवून हवा आत ओढते. टँकसमोर बसून हे एकदा शांतपणे बघावं. तिच्याकडे काच पुसणारी म्हणून बघणं त्यानंतर जमत नाही. आपल्या तळ्यांतली पिला ही तिच्याच कुळातली. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यानपिढ्या प्रयोगशाळेत जिचं विच्छेदन केलं, ती हीच. उन्हाळ्यात तळं आटलं की पिला चिखलात शिरते, शंखाचं झाकण घट्ट मिटून घेते आणि पाऊस येईपर्यंत तशीच पडून राहते.

मिस्टरी स्नेल अंडी पाण्याबाहेर घालते, गुलाबी रंगाचा पुंजका, झाकणाच्या आतल्या बाजूला. त्यासाठी पाणी काठोकाठ भरू नये, वर काही इंच मोकळी जागा ठेवावी, आणि झाकण असावंच, नाहीतर रात्री ती बाहेर येऊन फरशीवर सुकून मरते.

कुठल्याही गोगलगायीची खरी गरज मात्र चुन्याची आहे. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो आयुष्यभर वाढत राहतो. पाणी आम्लधर्मी असेल, पीएच सातच्या खाली राहत असेल, तर शंख विरतो, त्यावर पांढरे खड्डे पडतात, टोक झिजतं. आपल्याकडे बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांच्या गोगलगायी सहसा ठणठणीत दिसतात. उलट माशांना ‘शुद्ध’ मिळावं म्हणून जे आरओचं पाणी घालतात, त्यांच्याकडे त्या खंगत जातात, कारण त्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात. यावर उपाय सोपा आहे. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तोच. त्याचा तुकडा धुऊन टँकमध्ये ठेवावा. अंड्याची टरफलं उकळून, चुरून घातली तरी चालतं.

इथे एकत्र नांदण्याचा खरा प्रश्न येतो. पाणी कुणाच्या सोयीचं ठेवायचं? निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं. मॉली, प्लॅटी, गप्पी यांना क्षार असलेलं पाणी आवडतं, आणि गोगलगायीलाही. म्हणून गप्पी-मॉलीच्या टँकमध्ये ती सुखानं राहते, कॉरिडोरसचीही तिला अडचण नसते. बेटा मात्र तिच्या हलणाऱ्या मिशा किडे समजून तोडतो, मग ती दिवसेंदिवस शंखाबाहेर येत नाही आणि उपाशी राहते. लोच जातीचे मासे तर तिला खातातच. दुकानात सगळे एकाच रांगेत, एकाच निळ्या पार्श्वभूमीपुढे मांडलेले असतात, म्हणून ते एकमेकांचे शेजारी होऊ शकतात असं नाही.

तिच्यावरचा एक आरोपही दूर व्हायला हवा. सकाळी मासा मेलेला दिसतो आणि त्यावर चार गोगलगायी बसलेल्या असतात. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, हिनंच मारला. नेहमीच्या गोगलगायींना पोहणारा, धडधाकट मासा पकडता येत नाही. मासा मेला, त्याचा वास पाण्यात पसरला, म्हणून त्या आल्या. त्यांनी ते खायला घेतलं नसतं तर ते शरीर सडून इतर माशांच्या जिवावर बेतलं असतं. मासा का मेला हे शोधायचं तर अमोनिया तपासावा, पाणी शेवटचं कधी बदललं ते आठवावं.

आरोपानंतर शिक्षा येते. गोगलगायी मारायचं औषध टँकमध्ये ओततात. त्यात बहुतेकदा तांबं असतं, शेतकऱ्याच्या ओळखीचं मोरचूद म्हणजेही तांब्याचाच क्षार. तांब्याची अगदी थोडी मात्राही गोगलगायींना पुरते. आणि एका रात्रीत मेलेल्या शेकडो गोगलगायी त्याच पाण्यात सडतात, अमोनिया उसळतो आणि ज्यांच्यासाठी हे केलं ते मासेच दगावतात. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले म्हणून दिल्या जाणाऱ्या काही औषधांतही तांबं असतं. बाटलीवरचा मजकूर वाचावा आणि आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढून तिथे औषध द्यावं.

काही जण गोगलगायी खाणारा मासा आणतात. क्लाउन लोच दुकानात बोटाएवढा असतो, पण सुमात्रा-बोर्निओचा हा मासा फूटभर होऊ शकतो. दुसरा लाडका उपाय म्हणजे पी पफर, जेमतेम दीड इंचाचा, आपल्या पश्चिम घाटातला. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि नायर यांनी 1941 मध्ये केरळमधून त्याची शास्त्रीय नोंद केली. आज तो आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे आणि दुकानात येणारे बरेचसे पी पफर नदीतून धरलेले असतात. शिवाय तो इतर माशांचे पर कुरतडतो. आपण जास्तीचे दाणे टाकले, त्याची भरपाई म्हणून घाटातल्या नदीतून एक संकटातला मासा उचलावा, हे मला अजिबात पटत नाही.

आणि शेवटचं, सर्वांत गंभीर. गोगलगायी जास्त झाल्या की त्यांना ‘जीवदान’ म्हणून तळ्यात, ओढ्यात, विहिरीत सोडणारी भाविक माणसं आहेत. त्यांच्या मनात दयाच असते. पण मिस्टरी स्नेलची जवळची नातलग असलेली गोल्डन ॲपल स्नेल 1980 च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून दक्षिण अमेरिकेतून तैवानमध्ये आणली गेली. तिला गिऱ्हाईक मिळालं नाही, ती पाण्यात सोडली गेली, आणि तिथून आग्नेय आशियातल्या भातशेतीची कोवळी रोपं तिनं फस्त केली. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक जातींच्या यादीत आज तिचं नाव आहे. युरोपीय संघानं 2012 मध्ये तिच्या संपूर्ण वंशाची (जीनसची) आयातच बंद केली. जमिनीवरच्या आफ्रिकी गोगलगायीची गोष्टही अशीच. 1847 मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंखप्रेमी इंग्रजानं ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणून एका बागेत सोडली, आणि ती देशभर पसरली. गोगलगायी एकदा शेतात शिरल्या की काय होतं, हे 2022 च्या खरिपात लातूर-बीडकडच्या सोयाबीन उत्पादकांनी सोसलं आहे.

म्हणून एवढं करा. गोगलगायी नको झाल्या तर टँक ठेवणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्या, नाहीतर दुकानात परत करा. अंड्यांचे पुंजके वेळीच काढून, फ्रीझरमध्ये गोठवून मगच कचऱ्यात टाका. टँकचं काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, त्यातलं नायट्रेट झाडांना उपयोगी पडतं. ओढ्यात किंवा विहिरीत ते ओतू नका, त्यात डोळ्यांना न दिसणारी पिल्लं असू शकतात.