चैत्यभूमीवर, पाण्याशेजारी

६ डिसेंबरला चैत्यभूमीला लाखो लोक येतात. त्या गर्दीचं मोल वेगळंच आहे. पण एकदा साध्या दिवशी या, आठवड्यातल्या मधल्या कुठल्याही वारी. कर्जतहून ऑफिसची गर्दी ओसरल्यावरची लोकल धरा. खोपोलीकडचे असाल तर पळसदरीवरून कर्जतला या आणि तिथून पुढे निघा. खिडकी मिळाली तर मोबाइल पिशवीत ठेवा.

भिवपुरी, नेरळ, शेलू, वांगणी. या पट्ट्यात उल्हास नदी रुळांच्या जवळपासच वाहते. पुढे ती वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. खालापूरची पाताळगंगा धरमतरच्या खाडीत उतरते. तिच्यात घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणीही असतं, खोपोलीच्या टाटांच्या वीजघरात वीज करून खाली सोडलेलं. १९१५ पासून ते पाणी मुंबईला उजेड देतंय. तुम्ही ज्या समुद्राकडे निघालात, तिकडेच तुमच्या गावचं पाणीही निघालंय. तेवढंच मनात धरून बसा. बाकीचे विचार येतील, येऊ द्या.

दादरला पश्चिमेला उतरा आणि शिवाजी पार्कच्या बाजूने चालत या. सांचीच्या तोरणासारखं प्रवेशद्वार दिसलं की क्षणभर थांबा. पलीकडे पांढरा घुमट आहे. ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते या स्तूपाचं उद्घाटन झालं. आत बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी आहेत. चपला काढा, आत जा, हात जोडा. काही मागू नका. मागायची ही जागा नव्हे, असं मला मनापासून वाटतं.

मग बाहेर येऊन समुद्राकडे वळा. जवळच माता रमाबाई आंबेडकर यांच्या नावाचा सज्जा पाण्यावर बांधलाय. तिथे बसायला जागा आहे. शहराचं पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या वाहिनीच्या तोंडावर तो उभा आहे. समोर सागरी सेतू दिसेल. पाठ सैल सोडा. दोनचार लाटा नुसत्या ऐका.

आता ७ डिसेंबर १९५६ची दुपार डोळ्यांपुढे आणा. आदल्या दिवशी दिल्लीत बाबासाहेब गेले. पार्थिव विमानाने मुंबईला आलं, हिंदू कॉलनीतल्या राजगृहात ठेवलं, आणि तिथून अंत्ययात्रा या किनाऱ्याकडे निघाली. घाईने त्या गर्दीत शिरू नका, कडेला उभे राहा. १६ डिसेंबरला मुंबईत धम्मदीक्षेचा सोहळा ठरला होता. दीक्षा द्यायला बाबासाहेब स्वतः येणार होते. ते असे आले. आणि तरीही त्या संध्याकाळी चितेसमोर, याच वाळूवर, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लोकांनी दीक्षा घेतली. एक लाखाहून जास्त लोकांनी. इतक्या रडलेल्या माणसांनी एका सुरात शरण म्हटलं, तेव्हा तो आवाज कसा असेल? इथे जितका वेळ लागेल तितका घ्या.

मग दोन्ही तळहात जुळवून ओंजळ करा. रिकामीच राहू द्या. २० मार्च १९२७, महाड. आपल्याच जिल्ह्यातलं महाड. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. परिषद आटोपून हजारो माणसं चवदार तळ्याकडे रांगेने निघालीत. कायद्याची आडकाठी नव्हती. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच केला होता, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं होतं. कागद तयार होता, पाण्याला हात मात्र अस्पृश्य ठरवलेल्या कोणी लावला नव्हता. बाबासाहेब पायऱ्या उतरले, वाकले, ओंजळभर पाणी प्याले. त्यापायी लोकांनी मार खाल्ला, तळं ‘शुद्ध’ करायला पंचगव्याच्या घागरी ओतल्या गेल्या, खटला कोर्टात गेला. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला, तळं सर्वांचं म्हणून. एका ओंजळीला दहा वर्षं.

आपल्या ओंजळीकडे पाहा. तुम्हाला पाणी प्यायला कधी वाकावं लागलं, परवानगी मागावी लागली, की नळ सोडला आणि आलं? जे उत्तर येईल ते येऊ द्या. त्याला चांगलंवाईट म्हणू नका.

आता मनानेच घरी परत या. आपल्या कर्जत-खालापूर तालुक्यांत पावसाळ्यात डोंगर कोसळावेत इतका पाऊस होतो, आणि एप्रिल-मे आला की ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवरच्या बायका कोरड्या ओहोळात डवरा खणतात. पाणी झिरपायची वाट पाहतात. वाटीने हंडा भरतात, वरून फडकं बांधतात, आणि चढ चढू लागतात. ती वाटी नीट पाहा. तळाला किती पाणी येतं, गाळ खाली बसेपर्यंत ती बाई किती वेळ उकिडवी बसते, तिच्या मागे किती हंडे मांडलेत.

उठायची वेळ झाली की उठा. परतीच्या गाडीत कल्याणच्या पुढे डबा रिकामा होऊ लागतो. तेव्हा तुमच्या गावाजवळच्या वाड्यांची नावं एकेक आठवा आणि प्रत्येकीबद्दल स्वतःला विचारा: इथलं पाणी कुठून येतं, आणि ते कोण आणतं? एखाद्या वाडीचं उत्तर तुमच्यापाशी नसेल. तिचं नाव लिहून ठेवा, आणि येत्या रविवारी तिथे जाऊन विचारा.