सायकल-यात्रा आणि दान

दानार्थ शेकडो मैल सायकल चालविणाऱ्याचे पुण्य कशात आहे, श्रमात की जमविलेल्या द्रव्यात? बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधील एखादा गृहस्थ आप्तेष्टांकडून निधी मिळवून अशा सामुदायिक यात्रेस निघतो, तेव्हा द्रव्य आप्तांचे असते. प्रवासाचा आनंद, आणि छायाचित्रेही, त्याची. गीतेच्या सतराव्या अध्यायात प्रत्युपकाराची अपेक्षा न ठेवता, देश-काल-पात्र पाहून दिलेले दानच सात्त्विक म्हटले आहे; दुराग्रहाने स्वतःस पीडा देणारे तप तेथे तामस ठरते. तेव्हा केवळ पाय दुखल्याने दान शुद्ध होत नाही. १९८५ साली बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानात तरुण कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर निघाले. त्यांना द्रव्य नव्हे, माणसे जोडावयाची होती. निधीसाठी निघालेल्याने स्वतःच्या गाठीचे किती घातले, हे मात्र त्यास सहसा कोणी विचारीत नाही.