कात्रपच्या जमिनीला भाव कोणी दिला?

बदलापूरच्या कात्रप भागातला एखादा मोकळा प्लॉट इमारतीसाठी विकला जातो तेव्हा मातीचा कस कोणी विचारत नाही. बदलापूर स्टेशन किती मिनिटांवर आहे आणि शेअर रिक्षा कुठून मिळते, एवढेच विचारले जाते. कल्याणहून खोपोलीकडे लोहमार्ग गेला १८५६ मध्ये, आणि पुढे दीडशे वर्षांत लोकल, वाढत्या फेऱ्या, लांब झालेले फलाट हे सगळे सरकारी पैशावर आणि प्रवाशांच्या तिकिटा-पासांवर उभे राहिले. मुंबईत, ठाण्यात घर न परवडणारी माणसे याच लोकलच्या भरवशावर इकडे आली. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती, ती २०११ मध्ये १,७४,२२६ झाली. या दहा वर्षांत जमीनमालकाने जमिनीत काही पेरले नाही, तरी तिचा भाव वाढत गेला. ही वाढ कोणाची, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. पण तो आधी नीतीचा आहे.

अमेरिकी विचारवंत हेन्री जॉर्ज याने १८७९ मध्ये हाच प्रश्न मांडला: समाजाच्या गर्दीमुळे आणि कष्टामुळे जमिनीला जो भाव येतो, तो समाजाकडेच परत यायला हवा. १९५१ मध्ये भूदानाला निघालेले विनोबा वेगळ्या वाटेने जवळपास तिथेच पोचले; हवा-पाण्यासारखी जमीनही कोणा एकाची नव्हे, असे ते सांगत. पण मला याहून जवळचा आधार आपल्या ऋणाच्या कल्पनेत दिसतो. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन सर्वांना ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात चौथे ऋण माणसांचे सांगितले आहे. या ऋणांची खासियत अशी, की ती कागदावर सही करून घेतलेली नसतात, जन्मासोबतच येतात. ‘मी प्रवाशांशी कसला करार केला होता?’ असे जमीनमालक किंवा बिल्डर विचारू शकतो. करार नव्हता हे खरे. पण ज्यांच्या येण्या-जाण्यामुळे आपल्या मालमत्तेला मोल आले, त्यांचे देणे त्यामुळे संपत नाही.

आज हे देणे फेडतो भलताच माणूस. कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेला दोनच रूळ, आणि त्यांवरूनच लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस, मालगाड्या सगळ्या धावतात. तिघांच्या बाकावर चौथी सीट धरून, अर्धे अंग बाहेर ठेवून माणसे तास-दीड तास बसतात. अंबरनाथ-उल्हासनगरचे कितीतरी प्रवासी बसायला मिळावे म्हणून आधी उलटे बदलापूरला जातात आणि त्याच गाडीने मुंबईकडे परततात. नकाशा मंजूर होताना मात्र राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे इमारतीसमोरचा रस्ता किती मीटर रुंद आहे हे पाहून एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण, ठरतो. त्या इमारतीतली माणसे सकाळी कोणत्या गाडीत मावणार, याचा त्यात कुठेच हिशेब नाही. नफा एकाने घ्यायचा आणि त्याची किंमत दुसऱ्याने आयुष्यातल्या तासांनी मोजायची, याला मी अन्यायच म्हणेन.

यावर म्हटले जाते की कोणी जबरदस्तीने आणले नाही, लोकांनी स्वखुशीने घर घेतले. पण ज्याच्यापुढे कात्रप किंवा चाळीतली भाड्याची खोली एवढेच पर्याय असतात, त्याच्या होकाराने दुसऱ्याची जबाबदारी संपत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे देणे वसूल करायला नव्या बांधकामावर वाहतुकीसाठी शुल्क लावले की ते फ्लॅटच्या दरात चढणार आणि गरजूच भरडला जाणार. अचानक लादलेल्या शुल्काचे तसे होऊ शकते. पण ग्राहक देऊन देऊन त्याच्या ऐपतीएवढेच देणार. शुल्क आधीपासून जाहीर असेल तर बिल्डर जमीन घेतानाच ते वजा करून बोली लावतो, आणि बराचसा भार ज्याच्या जमिनीचा भाव फुकट वाढला त्याच्यावर पडतो. ज्यांनी वाढीव भाव मोजून आधीच घरे घेतली, त्यांच्यावर मात्र ते बसवू नये. त्यांनी आपला वाटा पासाच्या पैशांनी आणि शरीराने दिलेला आहे.

रेल्वे केंद्राची, परवानगी नगरपालिकेची, तेव्हा हे जमणारच नाही, असेही ऐकू येते. नवी मुंबईत ते जमले आहे. मानखुर्द-वाशी मार्ग १९९२ मध्ये सुरू झाला. तिथल्या रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. तिथे जमीनच सिडकोची होती, म्हणून वाढलेल्या भावातून रूळ टाकता आले. कात्रपची जमीन खासगी आहे, हा फरक मोठा आहेच. पण शुल्काची गरज त्यामुळेच आहे, आणि मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी विकास शुल्क वाढवण्याची तरतूद राज्याच्या नगररचना कायद्यात २०१५ पासून आहे. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका २०१९ मध्ये मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठीच्या एमयूटीपी-३अ योजनेत मंजूर झाली, म्हणजे घरे भरून गेल्यावर. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रोच्या बाबतीत क्रम अजून बदलता येईल. प्रस्तावित स्थानकांच्या आसपासच्या ज्या जमिनींचे नकाशे मंजूर व्हायचे आहेत, त्यांच्यावरचे शुल्क आताच जाहीर करावे आणि तो पैसा वेगळ्या खात्यात, फक्त याच मार्गासाठी ठेवावा.