भुलवून भरवावें काय?

पुण्यांत ज्यांचें बालपण गेलें त्यांना सारसबागेजवळचें पेशवे उद्यान आणि तेथील 'फुलराणी' यांची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. १९५६ च्या एप्रिलांत सुरू झालेल्या या चिमुकल्या आगगाडीनें पुणेकरांच्या तीन पिढ्यांना फिरवून आणलें आहे. उद्यानांतील वाघ-सिंह पुढें कात्रजला गेले. मनोरंजनाचीं याहून भव्य स्थळें निघालीं. खोपोलीनजीक २०१३ सालीं उघडलेल्या इमॅजिकेंत तर मोठीं माणसेंहि दिपून जातात. परंतु दीड वर्षाच्या मुलास भव्यतेची गरज नसते. एक शिटी, एक वळण आणि बसावयास ओळखीची मांडी एवढें त्याला पुरतें. म्हणून कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या नातवास पहिली मौज दाखवावयाचें ठरलें तेव्हां आम्हीं फुलराणीच निवडली.

आमच्याबरोबर सूनबाई होत्या आणि आमच्या मातोश्री होत्या. मातोश्रींचें वय पंचाहत्तरीच्या पुढें. पण पणतवाला भरविण्याचा अधिकार त्यांनीं अद्यापि कोणास दिलेला नाहीं. पिशवींत तूप-मेतकूट कालविलेल्या मऊ भाताचा डबा होता आणि तो रिकामा झाल्यावांचून घरीं परतावयाचें नाहीं, हा त्यांचा निश्चय होता. गाडीची पहिली फेरी सुरू झाली. मूल इंजिनाकडे पाहण्यांत दंग. घास केव्हां तोंडांत गेला याची त्याला शुद्ध नव्हती. दुसऱ्या फेरींत त्यानें मान फिरविण्यास आरंभ केला. मातोश्रींनीं तिसऱ्या फेरीचें तिकीट काढविलें. शिटी वाजली कीं बाळ आश्चर्यानें 'आ' करी, आणि त्या क्षणाची वाट पाहत असलेला चमचा आंत शिरे. एका वळणावर तें खदखदून हंसलें, घास घशांत अडकला, मुलाचा चेहरा लाल झाला. सूनबाईंनीं त्यास झटकन् पालथें धरून पाठीवर थापट्या मारल्या म्हणून निभावलें. खाल्लेलें सर्व मातोश्रींच्या लुगड्यावर आलें.

बाकावर बसून सगळ्यांच्या जिवांत जीव आल्यावर सूनबाई हलक्या आवाजांत म्हणाल्या, "आजी, त्याला नको होतें हो." मातोश्री कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "अरे, पोटांत गेलें तें आपलें. कसें गेलें याचा हिशेब कोणी ठेवतें का?"

गाडींत बसल्या मुलाला घास देऊं नये, हा व्यवहार तर त्या प्रसंगानेंच आम्हांस शिकविला. धांवणाऱ्या, हंसणाऱ्या किंवा रडणाऱ्या लहान मुलाच्या तोंडांत अन्न असणें धोक्याचें. आणि उद्यानाच्या दारांत सहज मिळणारे अख्खे शेंगदाणे व फुटाणे तर या वयाच्या मुलांना मुळींच देऊं नयेत. परंतु मातोश्रींचा प्रश्न त्याहून खोल आहे. समजा, घास अडकला नसता. डबा सुखरूप संपला असता. मग त्या करण्यांत कांहीं वावगें होतें काय? एखाद्याचें लक्ष दुसरीकडे गुंतवून, त्याच्या नकळत, त्याचें हित साधावें काय?

प्रथमदर्शनीं या प्रश्नाचें उत्तर सोपें वाटतें. व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी जॉन स्टुअर्ट मिल्ल यानेंहि १८५९ सालच्या आपल्या निबंधांत लहान मुलांना त्या तत्त्वाच्या कक्षेबाहेर ठेवलें आहे. ज्यास आपलें हित कळत नाहीं त्याचें हित इतरांनीं पाहावें, हा न्याय कोण नाकारील? मूल विस्तवाकडे धांवलें तर आपण त्याची संमति विचारीत नाहीं. रूसोनें तर १७६२ सालच्या 'एमील' या ग्रंथांत याच्याहि पुढें पाऊल टाकलें. शिष्याला आपणच धनी आहों असें वाटूं द्यावें आणि सूत्रें मात्र गुरूनें हातीं ठेवावीं, अशी त्याची युक्ति होती. फुलराणींतील चमचा या युक्तीचाच वंशज म्हणावयाचा.

परंतु विस्तव आणि भूक यांत एक मोठा भेद आहे. विस्तव भाजतो हें आम्हांला कळतें, मुलाला कळत नाहीं. भूक किती उरली आहे हें मात्र मुलालाच कळतें, आम्हांला नाहीं. येथें ज्ञानी तो आहे व अज्ञानी आम्ही आहों. क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनीं १९२६ च्या सुमारास आरंभिलेल्या व १९३९ सालीं समग्र वर्णिलेल्या प्रयोगाची या ठिकाणीं आठवण होते. नुकतें दूध सुटलेल्या पंधरा मुलांपुढें त्यांनीं साधें, ताजें अन्न मांडलें. मुलानें बोट दाखविल्याखेरीज दाईनें चमचा उचलावयाचा नाहीं, आग्रह करावयाचा नाहीं, नापसंती दाखवावयाची नाहीं, असा दंडक होता. मुलांनीं कधीं एकच पदार्थ भरमसाट खाल्ला, कधीं दुसरा टाकला. पण एकंदरींत तीं चांगलीं वाढलीं. मुडदूस झालेल्या एका मुलानें तर पुढें ठेवलेलें माशाचें तेल आपण होऊन घेतलें. तथापि डेव्हिसबाईंनीं स्वतःच स्पष्ट केलें आहे कीं, खरी मेख पदार्थांच्या यादींत होती. त्या चौतीस जिनसांत साखरेचें पक्वान्न एकहि नव्हतें. म्हणजे मुलाचें शहाणपण मोठ्यांच्या शहाणपणाच्या कुंपणांत सुरक्षित होतें.

आमच्या मतें कर्तव्याची वांटणी येथेंच होते. ताटांत काय यावें, केव्हां यावें, कोठें बसून खावें हें वडीलधाऱ्यांनीं ठरवावें. किती खावें हें ज्याचें पोट त्यानें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अमेरिकाखंडांतील शाखेनें २००३ सालीं प्रसिद्ध केलेलीं मार्गदर्शक तत्त्वेंहि याच अंगाचीं आहेत: धीरानें भरवावें, उत्तेजन द्यावें, बळजबरी करूं नये, आणि मुलाचें लक्ष अन्नावरून उडेल असें कांहीं जवळ ठेवूं नये.

यावर कोणी आम्हांस विचारील, मग आपल्या आयाबायांचे ते चिऊचे नि काऊचे घास, तो अंगणांत दाखविलेला चांदोबा, हीं सारीं पापेंच समजावयाचीं काय? १७९७ सालीं कान्टनें परोपकारासाठीं देखील असत्य बोलूं नये असें प्रतिपादिलें. त्याच्या तराजूंत चिमणीचा घास कदाचित् उणा उतरेल. आमच्या तराजूंत नाहीं. चिमणीचा घास हें असत्य नव्हे, तो खेळ आहे. त्यांत भरविणारी मुलाच्या डोळ्यांत पाहत असते, मूल घासाकडे पाहत असतें, आणि नको झालें म्हणजे तें हात आडवा करून चिमणीला परत पाठवूं शकतें. खेळांतील दोघांनाहि खेळ चालला आहे हें ठाऊक असतें. फुलराणींतील घासाचें तसें नव्हतें. तेथें मुलाचें चित्त बाहेर पाठवून त्याच्या रिकाम्या घरांत आम्ही शिरलों होतों. जी गोष्ट त्या गाडीची तीच हल्लींच्या घरोघरच्या मोबाइलच्या चित्रांची. मुलाच्या डोळ्यांपुढें पडदा धरावा आणि त्याच्या आडून वाटी रिती करावी! साधन मुलाला अन्नाकडे नेतें कीं अन्नापासून दूर नेतें, ही कसोटी लावली म्हणजे आमंत्रण कोणतें आणि फसवणूक कोणती हें ओळखण्यास फारसे सायास पडत नाहींत.

फसवणुकीचा परिणाम एका जेवणापुरता नसतो. पुरे झालें असें सांगणारा आंतला आवाज ज्याचा रोज दडपला जातो, त्यास पुढें तो आवाज ऐकूं येईनासा होतो. शिवाय आपल्या 'नको'ला किंमत नाहीं, हा धडा मूल प्रथम कोणापासून शिकतें? ज्यांच्यावर त्याचा सर्वांत अधिक विश्वास आहे त्यांच्यापासूनच. आजारी किंवा वजन न वाढणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. तेथें वैद्याचा सल्ला हाच नियम.

एवढें सर्व आम्हीं त्या संध्याकाळीं घरीं मातोश्रींना, मिल्ल आणि कान्ट वगळून, सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाल्या, "बाहात्तरच्या दुष्काळांत तूं एवढाच होतास." आम्हीं त्या वेळीं नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत राहत होतों. रेशनवर मिलो मिळे, कामावरच्या मजुरांना सुकडी वांटीत. दुधाचा पत्ता नव्हता. मिलोची पेज आम्ही थुंकून टाकीत असूं, आणि मातोश्री रस्त्यावरून जाणारीं गुरें दाखवीत दाखवीत ती आमच्या घशाखालीं उतरवीत असत. "तेव्हां तुझें नको ऐकलें असतें तर?" त्यांनीं विचारलें.

याला उत्तर देणें आम्हांस जमलें नाहीं. १९९३ सालीं मेळघाटांतील बालमृत्यूंनीं सारा महाराष्ट्र हादरला. तेथील मातेपुढें आमची ही कसोटी मांडण्याचें धैर्य आम्हांला होणार नाहीं. मुलाच्या 'नको'चा आदर हा ज्यांच्या घरांत अन्न आहे त्यांचा धर्म आहे. जेथें तें नाहीं तेथें अन्न पोंचविणें हाच सर्वांचा पहिला धर्म. पण म्हणूनच, आज ज्यांचे डबे भरलेले आहेत त्यांना दुष्काळाची सबब सांगतां येत नाहीं. मातोश्रींच्या हाताला बाहात्तर सालची भीति अजून ठाऊक होती. भुकेला बाळ तर समोर नव्हतेंच. बहुधा आपण मुलांना भरवितों तेव्हां असेंच कांहीं आपल्याच मनांतलें शमवीत असतों.

पुढच्या महिन्यांत आम्ही पुन्हा त्याच उद्यानांत गेलों. प्रथम झाडाखालीं सतरंजी अंथरून डबा उघडला, गाडी मागाहून. बाळानें चार घास खाल्ले, एक घास मातीला दिला, आणि पांचव्यास ओठ मिटून घेतले. मातोश्रींचा हात क्षणभर तसाच राहिला. "पुरे?" त्यांनीं विचारलें, आणि डब्याला झांकण लावलें. रात्रीं मात्र त्या दोनदां उठल्या आणि सूनबाईंच्या दाराशीं जाऊन, मूल भुकेनें जागें तर झालें नाहीं ना, याची चाहूल घेऊन आल्या.