आपल्या वाट्याची जोखीम

नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम करावं का, हा प्रश्न हल्ली धैर्याचा प्रश्न म्हणून मांडला जातो. सोडणारा धाडसी, राहणारा भित्रा. गीतेतल्या स्वधर्माचा दाखला दोन्ही बाजू देतात: एकीला आवडीचं काम हाच स्वधर्म वाटतो, दुसरीला वाट्याला आलेलं. नोकरी म्हणजे गुलामगिरी, हे तर मला मुळातच पटत नाही. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर सुलतानाच्या चाकरीत होते आणि त्या चाकरीनं त्यांच्या साधनेत खंड पडला नाही. माझ्या मते हा प्रश्न वाटणीचा आहे. मी जे पणाला लावतो आहे, त्यातलं माझं किती आणि इतरांचं किती?

या बाबतीत तुकोबांचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. देहूत त्यांच्या घरी दुकान होतं, महाजनकी होती, सावकारी होती. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बसला, पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. पुढे लोकांकडच्या येण्याची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक असते. पण चरित्रपरंपरा त्याआधीचंही सांगते. धाकटा भाऊ कान्होबा याला संसार चालवायचा होता. म्हणून तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या, एक त्याच्या हाती दिली आणि फक्त आपली वाटणी नदीत सोडली. वैराग्य इतकं प्रखर असूनही भावाच्या कागदाला त्यांनी हात लावला नाही. त्या त्यागाचं नैतिक वजन मला बुडवण्यापेक्षा या वाटणीत जास्त दिसतं.

यावर रास्त आक्षेप आहे: मग त्यांच्या दुसऱ्या पत्नी जिजाबाईंचं काय? तुकोबांच्या अर्ध्यात त्यांचा आणि मुलांचा घास नव्हता का? होता. परंपरेनंही त्यांचा त्रागा लपवलेला नाही. फक्त बराच काळ त्यांना कजाग ठरवून तो हसण्यावारी नेला, आणि हा अन्यायच झाला. उपाशी मुलांची आई जे बोलत होती ते खरं होतं. या आक्षेपानं माझं म्हणणं कोसळत नाही, उलट जड होतं: ज्याला आपण ‘माझा वाटा’ म्हणतो त्यातही दुसऱ्यांचे वाटे मिसळलेले असतात, आणि ते वेगळे काढायचं काम सोडणाऱ्याचं आहे.

आजच्या पगारात हे दुसऱ्यांचे वाटे कुठे असतात? कंपनीच्या गटविम्यात कित्येकदा आईवडील असतात. राजीनाम्यानंतर आईसाठी नवी पॉलिसी काढली, तर तिच्या जुन्या मधुमेहाला तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ लागू शकतो. ही जोखीम सोडणाऱ्याची नाही, आईची आहे. मूळ पगाराच्या बारा टक्के भविष्यनिर्वाह निधीत जातात आणि मालकही तेवढीच भर घालतो. त्यावर जोडीदाराचं म्हातारपण टेकलेलं असतं. शिवाय घराच्या कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला जातो, ग्राहकाकडून बिलाचे पैसे मात्र त्याच्या सवडीनं येतात.

कोणी म्हणेल, नोकरी तरी कुठे सुरक्षित आहे? चांगल्या चालणाऱ्या कंपन्याही एका ईमेलवर माणसं कमी करतात. खरं आहे. पण अंगावर आलेलं संकट घर एकत्र सोसतं. मी ओढवून घेतलेलं संकट घरानं सोसावं, असं वाटत असेल तर आधी विचारायला हवं. आणि ‘मला हे करायचंय, तुम्ही साथ द्याल ना?’ एवढं म्हणणं म्हणजे विचारणं नव्हे. किती महिन्यांचा खर्च बाजूला आहे, विम्याचं काय केलं, किती दिवसांत जमलं नाही तर पुन्हा नोकरी शोधणार, हे आकडे समोर ठेवल्याशिवाय मिळालेला होकार हा होकार नसतो.

मग घरच्यांच्या हाती कायमचा नकाराधिकार द्यायचा का? नाही. जबाबदाऱ्या संपल्यावर बघू म्हणत माणसं निवृत्त होतात, हा धोकाही तितकाच खरा आहे. घरच्यांचा अधिकार त्यांच्या वाट्यापुरता. आईचा विमा आधी झाला, हप्त्यांची सोय लागली, की बढती, हुद्दा, सोसायटीतला मान, दिवाळीचा बोनस यांतलं काय सोडायचं हे सोडणाऱ्यानं एकट्यानं ठरवावं, आणि तिथे वडिलांच्या नाराजीलाही अडवू देऊ नये.