अंधारातला घट

मेहरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, गेल्या आणि दहा वर्षांनी परळला टाटा कर्करोग रुग्णालय उभे राहिले. तिथे ‘रिपोर्ट क्लिअर आहे’ एवढे शब्द कानावर पडले, की दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम टाकलेले कुटुंब गावाकडची तिकिटे काढू लागते. पण क्वचित असेही होते, की रक्त स्वच्छ, हाडातली मज्जा स्वच्छ, आणि रुग्ण सांगतो, एका पायात आग होते, पाऊल उचलत नाही. ल्युकेमियाच्या पेशी हातापायांच्या नसांतही शिरू शकतात. नसेभोवतीचा जो पडदा रक्तातल्या अपायकारक द्रव्यांना थोपवतो, तोच औषधालाही बऱ्याच अंशी थोपवतो, आणि त्याच्या आडोशाला पेशी तग धरतात. मग खरे काय मानायचे, कागद की रुग्णाचा शब्द?

या प्रश्नात जुने भारतीय तत्त्वज्ञान मदतीला येते. त्यातल्या भाट्ट मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’ म्हणजे न आढळणे हे ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले, पण एका अटीवर: वस्तू असती तर आढळलीच असती, अशी स्थिती हवी. लख्ख उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. मज्जेची सुई कमरेच्या हाडात जाते, मांडीतल्या नसेत नाही. मज्जेचा अहवाल मज्जेपुरता पक्का. नसेपुरता तो अंधारातला घट. यावर कोणी म्हणेल, रुग्णाचा शब्द तरी कुठे अचूक असतो? सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन हे ल्युकेमियावरचे औषधच नसा दुखावते. आक्षेप खरा आहे. औषधाच्या मुंग्या बहुधा दोन्ही पायांत सारख्या येतात, नसेतला रोग अनेकदा एकाच बाजूला बोलतो. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही, एमआरआय, पेट स्कॅन, प्रसंगी नसेचा तुकडाही तपासावा लागतो. तरी न्यायदर्शनाच्या पंडितांचा, नैयायिकांचा, एक भेद इथे मोलाचा आहे. स्वतःची वेदना हे मानस प्रत्यक्ष, म्हणजे मनाला थेट जाणवणारे, तिचे कारण हा अनुमानाचा विषय. कारणाबाबत रुग्ण चुकू शकतो. दुखते आहे, याबाबत त्याला खोटे पाडणे हा मला अन्याय वाटतो.

राहिला रुग्णालयातल्या गर्दीचा मुद्दा. प्रत्येक तक्रारीमागे महागडी तपासणी शक्य नाही, हे मान्य. पण केसपेपरवर ‘नसेत रोग नाही’ लिहिण्याऐवजी ‘नस तपासलेली नाही’ लिहायला पैसा लागत नाही. महिन्याभराने तोच पाय ओढत रुग्ण परत आला, तर दुसरे वाक्य वाचणारा डॉक्टर आधी नसेकडे वळेल.