मोहोरावरची बाग

मार्केट यार्डात फळांच्या एका गाळ्यावर मी हिशेब लिहितो. मागच्या आठवड्यात आमच्याकडच्या एका हमालानं मोबाईल पुढे केला. "भाऊ, जरा वाचून सांगा, काय म्हणतायत."

त्याची मुलगी सातवीत. शाळेच्या स्पर्धेत सहाशे मीटरला पहिली आली. एका अकादमीच्या कोचचा मेसेज होता: राहणं, खाणं, बूट फुकट, रविवारपर्यंत कळवा, शाळेचा दाखला काढून आणा. आधीचे चार मेसेज थेट मुलीच्या नावानं होते. बापाचा नंबर मागून आला होता.

मला उचल आठवली. अडचणीतला शेतकरी माल निघायच्या आधीच आडत्याकडून पैसे उचलतो. मग भाव काहीही असो, माल त्याच गाळ्यावर आणावा लागतो. आंब्याची बाग तर मोहोरावरही विकली जाते. पण तिथे सौदा करणारा निदान बागेचा मालक असतो. बारा वर्षांच्या पोरीच्या 'हो'ला काय म्हणायचं? १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार सज्ञान नसलेल्याला करार करता येत नाही. पण ती शब्द देऊ शकते, आणि गरिबाघरी दिलेला शब्द कागदापेक्षा जड असतो.

अमेरिकेत कॉलेजांच्या खेळांसाठी एनसीएएचा नियम आहे. वरच्या गटातल्या बहुतेक खेळांत कोचनं मुलांशी भरतीबद्दल बोलायचं ते दहावीचं वर्ष संपल्यावर, १५ जूनपासून. वाचून वाटलं, इथेही असंच हवं. मग लक्षात आलं, तिथे शाळेतच संघ असतो, कोच असतो. थांबल्यानं सराव बुडत नाही. या पोरीला दहावीपर्यंत थांबवलं, तर तोवर तिला शिकवणार कोण? पैसेवाल्यांची मुलं फी भरून शिकतील. नियम सगळ्यांना सारखा, पण थांबेल फक्त हमालाची मुलगी.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९मध्ये, शाळकरी वयात, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. २०२४मध्ये पॅरिसला त्यानं नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. कोणीतरी वेळेवर दार उघडलं नसतं तर? उलट बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि धावपटू तिथे झाला. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला स्टीपलचेसचं रौप्य मिळालं. म्हणजे धावण्यात तरी 'रविवारपर्यंत सांगा' ही घाई मुलीच्या पायांची नाही, कोचची आहे.

म्हणून मला वाटतं, नुसतं वय धरून हा प्रश्न सुटत नाही. लवकर शिकवायला हरकत नाही, लवकर बांधून घ्यायला आहे. कोच आधी कोणाशी बोलला? नाही म्हणायला वेळ दिला का? आणि मुलीचा गुडघा दुखावला, किंवा तिला धावायचंच नसलं, तर परत यायला जागा आहे का? उचल आणि मदत यांत फरक एवढाच असतो: मदत घेतल्यावर माणूस दुसऱ्या गाळ्यावर जाऊ शकतो.

मी त्याला म्हटलं, "पोरीला खेळू दे. पण दाखला काढू नको. सुट्टीत महिनाभर पाठव आणि अटी कागदावर माग. कोच चांगला असेल तर थांबेल."

"आणि नाही थांबला तर?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कदाचित मी तिची एकुलती एक संधी घालवली असेल. "पोरीला विचारलंस का?" एवढंच म्हणालो.

तो गप्प झाला. विचारलं नव्हतं त्यानं. तोवर मीही नव्हतं.